चावणारी चप्पल

राजवीर पायरीवर बसून चपलेच्या पट्ट्याला एरंडेल चोळत होता. पट्टा उलटा वाकव, सुलटा वाकव, अंगठ्यानं दाब, असं चाललं होतं, जणू त्या कातड्याशी त्याचं जुनं वैर होतं.

"चावतीया व्हय?" प्रियदर्शनीनं अंगणात येऊन फुलाफुलांची छत्री मिटत विचारलं. सकाळच्या गाडीनं ती कोल्हापुरातून कागलजवळच्या माहेरी आली होती. येत्या रविवारी राजवीरचा, तिच्या धाकट्या भावाचा, साखरपुडा होता.

"लई. पायच आत जाईना. आणि तू काय, रखरखत्या उन्हात छत्री घिऊन? पाऊस तुझ्या एकटीवरच पडतोय का काय?"

ती हसली. त्यानं मान वर केली आणि तिचं हसू तोंडातच राहिलं.

त्याच्या दोन्ही गालांवर तांबडा पट्टा उठला होता, नाकावरून सलग इकडून तिकडे गेलेला. नाकाच्या कडेच्या वळ्या तेवढ्या कोऱ्या. असं तोंड तिनं आधी पाहिलं होतं. सहा वर्षांपूर्वी, स्वतःच्या आरशात.

"बघ की, नवरदेव लाजून लाल झालाय!" आतून आई, बनाबाई, म्हणाली. "बस तू, मी च्या टाकतो."

"आई, हे कवापास्नं हाय?"

"उन्हाचं गं. कंपनीतनं सुटला की मळ्यात राबतोय त्यो."

उन्हाचं. प्रियदर्शनीचंही उन्हाचंच होतं. स्कूटरवरून शाळेत शिकवायला जायची ना, म्हणून. मग सकाळी बोटं वळेनात, ती म्हणे थंडीनं. केस गळाले, ते म्हणे बोअरच्या पाण्यानं. घर एकेका दुखण्याला असं भलतंच नाव देत बसलं आणि आजार निवांत मूत्रपिंडात जाऊन बसला. तिथं तो सापडला, तेव्हा कुठं त्याचं खरं नाव कळलं. ल्युपस. रोगाशी लढायचं अंगातलं बळ अंगावरच उलटतं म्हणे. उन्हानं आजार उसळतो म्हणून छत्री सुटत नव्हती, पण गोळ्यांवर आता ती बरी होती. बरी म्हणजे, भीतभीत बरी.

डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं, हा आजार जास्त करून तरुण बायकांना होतो. पुरुषांत विरळा, पण झाला की जोरात येतो आणि मूत्रपिंड लवकर धरतो. घरानं त्यातलं पहिलं वाक्य तेवढं ऐकलं आणि पोरगा तरी सुटला म्हणून सुस्कारा टाकला.

"राजू, रक्त आणि लघवी तपासून घिऊया. आजच."

"खुळी का काय तू? बायकांचा आजार त्यो. मी काय लुगडं नेसतोय?"

"पुरुषांनाबी हुतोय रे."

"आणि पावण्यांच्या कानावर गेलं म्हंजे? आधी भण, आता भाऊ. घरच नासकं हाय म्हणतील."

गाळणी धरलेला बनाबाईचा हात थांबला. "प्रिया, तुझं तुझ्यापाशी ठेव," ती म्हणाली. आवाज रागाचा होता, पण चहा बशीत सांडत होता. कपबशी खाली ठेवून ती गोठ्याकडे निघून गेली.

काहीतरी करायचं म्हणून प्रियदर्शनीनं दुसरी चप्पल उचलली. टाच झिजून गुळगुळीत झाली होती.

"ही मागल्या दिवाळीची. मीच तर कोल्हापूरच्या चप्पल लाईनीत घेतली हुती. वरीसभर चावली न्हाय आणि आताच का चावाय लागली?"

तिनं खाली बसून त्याच्या नडगीवर बोट दाबलं. बोट उचललं तरी खळगा तसाच राहिला, मळलेल्या कणकेत राहावा तसा. दोघंही त्या सुजेतल्या खळग्याकडे बघत राहिली.

"आक्का," राजवीर हळूच म्हणाला, "तुझ्या लघवीला फेस यायचा न्हवं?"

"व्हय."

"त्यो आपसूक जायचा का गं?"

म्हणजे याला माहीत होतं. रोज बघत होता, आणि बाहेर येऊन चपलेला तेल चोळत होता.

"न्हाय जात," ती म्हणाली. "पण वेळेत गेलं तर गोळ्यांनी आवरतोय. माझा आवरला न्हवं? ऊठ."

आईच्या रबरी सपाता दाराशी होत्या. त्या तिनं त्याच्यापुढे सरकवल्या. त्यानं एकदा रस्त्याकडे बघितलं, मग पाय घातले. टाचा मागं बाहेर लोंबत राहिल्या.

ती दोघं अंगण ओलांडतात तोच गोठ्याच्या दारातून बनाबाई आली. डोळे पुसलेले होते. ती पायरीशी गेली, फुलाफुलांची छत्री उचलली आणि उघडून लेकाच्या हातात दिली.

"ऊन हाय," ती म्हणाली. "डोक्यावर धर."

त्यानं छत्री धरली.