मवाळ रेझर

माझे सासरे हिंमतराव यवतमाळच्या एसटी डेपोत वाहतूक नियंत्रक होते, आणि गुळगुळीत दाढी केल्याशिवाय त्यांनी उभ्या नोकरीत एकही गाडी सोडली नव्हती. लग्न ठरवायला आम्ही त्यांच्या घरी गेलो तेव्हा त्यांनी मला हे सांगितलं, पुढं दर दिवाळीला सांगितलं, आणि मी दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखा चेहरा केला. पुण्याची सून आहे, तेवढं जमतं मला.

मग त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला, तोंडाची उजवी बाजू खाली ओघळली आणि डोक्यातलं सगळं वेळापत्रक विस्कटलं. सासूबाई आधीच गेलेल्या. म्हणून आम्ही त्यांना बिबवेवाडीला आमच्या फ्लॅटवर घेऊन आलो. माझा नवरा सुदर्शन हा त्यांचा एकुलता एक मुलगा, पण बाबा त्याला वैजनाथ म्हणायला लागले. वैजनाथ म्हणजे दिग्रस गाडीचा ड्रायव्हर. वक्तशीर होता म्हणे. सुदर्शन ऑफिसमधून घरी आला की बाबा विचारायचे, "वैजनाथ, गाडी टायमावर आली काय?" आणि हा बूट काढता काढता म्हणायचा, "आली ना साहेब."

आत जाऊन मग तो नळ सोडून तोंड धूत बसायचा. नळ जरा जास्तच वेळ चालू असायचा.

लवकरच आमच्या लक्षात आलं की बाबांचं हे हरवणं दाढीबरोबर वाढतं. गालावर पांढरे खुंट आले की आरशात बघून ते घाबरायचे. "हा म्हातारा कोन? याले घरात कोनं घेतलं?" त्या परक्या म्हाताऱ्यासमोर ते जेवायचे नाहीत, औषध घ्यायचे नाहीत. पण स्वच्छ दाढी झाली, की डाव्या हातानं गाल चाचपायचे, आरशात नीट बघायचे आणि म्हणायचे, "हं. हिंमतराव." मग वरणभात व्यवस्थित पोटात जायचा. आणि अशाच एका सकाळी, तोंड पुसत असताना, ते मुलाकडे बघून सहज म्हणाले, "सुदर्शन, आज तुही कंपनी नाई काय?"

त्या एका शब्दासाठी माझा नवरा पुढं काय काय करत गेला ते मी बघितलंय. त्याला दुसरं काही नको होतं. बापानं दिवसातून एकदा नावानं हाक मारावी, एवढंच.

पण दाढी करणं सोपं राहिलं नव्हतं. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू होत्या. बाबांचा स्वतःचा रेझर म्हणजे मूठ पिळली की वरची दोन झाकणं उघडणारा, पितळी, जुना आणि भलताच रागीट. त्यानं हनुवटीखाली जरासं कापलं, तर रक्त थांबेना. टॉवेल भिजला, उशी भिजली, शेवटी रिक्षात घालून दवाखान्यात न्यावं लागलं. डॉक्टर म्हणाले, "ब्लेड बंद. ट्रिमर वापरा." सांगायला काय जातंय. ट्रिमरची घरघर ऐकून बाबा डोक्यावर हात धरून खाली वाकायचे, आणि मागं जे खुंट राहायचे त्यांना ते दाढीच समजायचे. तीन-चार पाती असलेला जाहिरातीतला रेझर आणला, तर तो त्यांची सैल कातडी ओढत नेई आणि गाल लाल करून ठेवी.

सुदर्शन एका आयटी कंपनीत टेस्टर. दुसऱ्यांच्या कामात चुका शोधायच्या हाच त्याचा धंदा, त्यामुळे हार मानणं त्याच्या स्वभावात नाही. त्याला इंटरनेटवर दाढीवेड्या पुरुषांचा एक अड्डा सापडला. जगभरचे सुशिक्षित बाप्ये तिथं रेझरबद्दल असं बोलत होते जसं आमच्याकडे बायका जावांबद्दल बोलतात. अमका आक्रमक आहे, तमका माइल्ड आहे, तमका वरून माइल्ड पण आतून डूख धरणारा. 'माइल्ड' म्हणजे मवाळ. मी म्हटलं, "मवाळ रेझर? मवाळ गुंड म्हटल्यासारखं वाटतं रे." तो हसला नाही. त्यानं मला समजावलं, की दोन्ही बाजूंनी धार असलेलं साधं पातं या सगळ्यांत एकाच मापाचं असतं. फरक असतो तो ते पातं बाहेर किती डोकावतं आणि खालच्या पट्टीपासून किती लांब बसतं यात. जेवढं कमी डोकावेल तेवढा रेझर मवाळ.

मग आमच्या घरी पार्सलं यायला लागली. जर्मन रेझर वजनदार, आखूड मुठीचा. त्याला दाबावं लागत नाही, स्वतःच्या वजनानंच उतरतो. जपानी एकदम हलका, हातात खेळण्यासारखा, आणि त्याचं पातं इतकं लाजरं की नीट कोन साधला नाही तर नुसता फेसच निघतो. एक कड्यावर आकडे असलेला, कडं फिरवलं की मवाळचा जहाल होणारा. तो मी लगेच परत पाठवायला लावला. आमच्या घरात एवढे पर्याय कशाला?

सुदर्शन हे सगळं स्वतःवर तपासायचा. अर्धा चेहरा जर्मननं, अर्धा जपानीनं. आधी कोमट पाण्याचा शेक, मग साबणाचा फेस, मग रेझर, आणि शेवटी ओली तुरटी. तुरटी जिथं झोंबेल तिथं कातडी खरवडली गेली, हे त्याचं माप. मी गॅसपाशी उभी असायचे आणि तो येऊन सांगायचा, "डावीकडं काहीच झोंबलं नाही, प्रिया. काहीच नाही." दहावीच्या निकालाला त्याचा चेहरा असा असेल.

जपानी जिंकला. त्यात आपल्याकडचंच जरा बोथट पातं घालायचं, धारदार परदेशी नाही, हेही त्यानं ठरवलं. बाबांना खिडकीपाशी खुर्चीत बसवून त्यानं दाढी केली. एका हातानं कातडी ताणायची, दुसऱ्यानं रेझर नुसता ठेवायचा आणि जाऊ द्यायचा. रक्ताचा टिपूस नाही. बाबांनी गाल चाचपला. "हं. हिंमतराव." मग ते मुलाकडे वळले. "सुदर्शन, हात चांगला बसला रे तुहा."

त्या दिवशी सुदर्शननं सगळ्या ऑफिसला चितळ्यांची बाकरवडी नेली. कशाबद्दल म्हणून कुणी विचारलं तर काय सांगितलं असेल कोण जाणे.

असे काही आठवडे बरे गेले. मग बाबांच्या तोंडाच्या पडलेल्या बाजूनं लाळ गळायला लागली, ती मिशीत मुरायची, आणि मिशीखालची कातडी सोलवटून निघाली. डॉक्टर म्हणाले, मिशी काढा, जागा कोरडी ठेवा. ट्रिमरचं तर बाबांसमोर नावच नको. म्हणजे पुन्हा रेझर, आणि तोही वरच्या ओठावर, जिथं कातडी सगळ्यांत पातळ आणि नाकाखाली वळणं. सुदर्शनचा नियम एकच होता, जे स्वतःवर केलं नाही ते बापावर करायचं नाही.

रविवारी सकाळी तो न्हाणीघरातून बाहेर आला तेव्हा त्याच्या ओठावर मिशी नव्हती.

मला हसूच फुटलं. लग्न झाल्यापासून मी त्याला म्हणत होते, काढ ती मिशी, हवालदार दिसतोस. दर वेळी त्यानं "आमच्याकडं काढत नाहीत" असं म्हणून विषय संपवला होता. मला वाटायचं, वऱ्हाडी हट्ट. आता तो कोवळा, कॉलेजातला दिसत होता. "अजिबात झोंबलं नाही," तो आनंदानं म्हणाला, आणि वाटीत कोमट पाणी घेऊन तसाच बाबांच्या खोलीत गेला.

बाबा जागे होते. त्यांनी मुलाच्या तोंडाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग त्यांच्या चेहऱ्यावरचा गोंधळ हळूहळू निवळला, इतका की झटक्यानंतर मी त्यांना एवढं शांत कधी बघितलं नव्हतं.

"मी कधी गेलो?" त्यांनी विचारलं.

मला काही कळेना. सुदर्शनच्या हातातली वाटी मात्र खाली आली. "नाई बाबा," तो म्हणाला, "नाई, नाई, तसं नाई."

"तेरवी झाली काय? लोकाईले नीट जेवू घातलं ना?"

सुदर्शननं मला बाहेर आणून सांगितलं. त्याच्या गावाकडं बाप असेपर्यंत मुलगा मिशीला वस्तरा लावत नाही. बाप गेला की दहाव्याला डोकं आणि मिशी काढायची. कुणाच्या घरी काय झालंय हे विचारावं लागत नाही, मुलाच्या ओठाकडे बघितलं की कळतं. "आणि तुला हे आठवलं नाही?" मी विचारलं. "आठवलं," तो म्हणाला. "पण म्हटलं, त्यांच्यासाठीच तर काढतोय."

बाबांना स्वतःच्या बायकोचं नाव आठवत नव्हतं, सकाळ की संध्याकाळ ते कळत नव्हतं, पण हे एवढं त्यांच्यात खोल, धडधाकट बसलेलं होतं. आणि त्यांचा हिशोब बरोबरच होता. मुलाला मिशी नाही, म्हणजे बाप नाही. मेलेल्या माणसाशी आम्ही बोलतो कसे, हा प्रश्न त्यांना पडला नाही.

त्या दिवसापासून ते जेवेनात. राग नाही, हट्ट नाही, अगदी सभ्यपणे तोंड बाजूला करायचे. "मेल्या मानसाले कोनी भरवते काय? कावळ्याले ठेवा बाहीर." मी हरप्रकारे समजावलं, रागावले, हात जोडले. एकदा त्यांचं समाधान म्हणून भाताचा मुटका खरंच बाल्कनीत ठेवला. आमच्या सोसायटीत कावळे कुठले? कबुतरं येऊन खाऊन गेली. बाबा आतून बघत होते. त्यांना फार वाईट वाटलं. "शिवत नाई," ते म्हणाले, "काई राह्यलं असन माह्या मनात."

सुदर्शन कसबा पेठेत नाटकाचं सामान भाड्यानं देणाऱ्याकडं गेला आणि मिशी चिकटवून आला. दारात उभा असलेला तो आधीचाच सुदर्शन, आणि तरी बघवत नव्हता. बाबांनी त्याला जवळ बोलावलं, डावा हात वर नेला आणि मिशीचं एक टोक धरून हलकेच सोडवून घेतलं. ती त्याच्या तळहातावर ठेवली.

"बाप गेल्यावर असं करू नये, बाप्पा," ते म्हणाले. "लोक नावं ठेवते."

खरी मिशी वाढायला वेळ लागतो. पोट तेवढं थांबत नाही. बाबांचे गाल आत गेले, डॉक्टरांनी नाकातून नळी घालायची तारीख दिली. नळीची पट्टी चिकटवायला ओठावरची जागा साफ हवी, म्हणजे मिशीचं राहिलेलं काम करणं भागच होतं. आदल्या दिवशी सकाळी सुदर्शननं पुन्हा पाणी कोमट केलं. त्याच्या ओठावर तेव्हा नुसती सावली आली होती. गालात खड्डे पडलेल्या माणसाची दाढी करणं फार अवघड, पण त्यानं जिभेनं फुगवावा तसा एकेक गाल बोटानं आतून उचलून ती केली. मग मिशी. जपानी रेझर नाकाखालून एवढ्या अलगद उतरला, की बाबांनी डोळेही मिटले नाहीत. कुठं कापलं नाही. तुरटी लावली, तरी ओठ हलला नाही. एवढी सुंदर दाढी त्यांची कधीच झाली नसेल, आणि मला मात्र त्या रेझरचा इतका राग आला, की खिडकीतून भिरकावून द्यावासा वाटला.

सुदर्शननं त्यांच्यासमोर आरसा धरला. बिनमिशीचा, हाडं वर आलेला तो चेहरा त्यांना ओळखता येईल असं मला वाटलं नव्हतं.

बाबांनी ओळखला. "हिंमतराव," ते म्हणाले. थोडं मागं होऊन नीट बघितलं. "फोटो चांगला निंघाला. हार नाई आनला काय?"

सुदर्शननं आरसा पलंगावर पालथा टाकला. बापाच्या गुडघ्यांशी बसून त्यानं त्यांचा चांगला हात दोन्ही हातांत धरला आणि लहान पोरासारखा ओरडला, "बाबा, माह्याकडं पाहा ना! मी वैजनाथ नाई. मी कोन हाय? सांगा ना, मी कोन हाय?"

बाबांनी त्याच्या केसांवरून हात फिरवला.

"काहून रडतं? तू सुदर्शन हायस ना," ते म्हणाले. "तुलेच तं मांगं सोडून आलो."