कागदभाऊचं रडणं

सोनगीरच्या फाट्यावर माझी पानटपरी. पानात मिरची घालून गिऱ्हाईकाची मजा बघणारा लोटन म्हणजे मीच. माझा मावसभाऊ चिंधा त्या मजेला सगळ्यात जास्त हसायचा. मग त्याच्या मानेला गाठ आली. धुळ्याच्या डॉक्टरनं ती कापली, म्हणाला साधी आहे. दिवाळीत तिथंच पुन्हा उगवली, लिंबाएवढी.

मुंबईच्या मोठ्या दवाखान्यानं सांगितलं, आधी काय कापलं, तुकड्याच्या तपासात काय निघालं, ते कागद आणा. त्याशिवाय औषध ठरत नाही.

चिंधाची बायको भिकुबाई एसटीनं धुळ्याला खेटे घालायला लागली. कधी कपाटाची चावी नाशिकला गेलेली, कधी डॉक्टर लग्नाला. त्यात कंपाउंडर मोठा खट. दर वेळी पेशंटचं नाव तिलाच विचारायचा. नवऱ्याचं नाव ती कशी घेणार? शेजारी बसलेल्या बाईच्या कानात सोनगीरचे अमक्याचे वडील असं सांगायची, आणि तो हसायचा.

शेवटी मी गेलो. डॉक्टर म्हणाला, मुंबईवाल्यांना माझं काम तपासायचंय का? देईन सवडीनं.

कोर्टासमोरच्या वकिलाला चहा पाजून विचारलं, डॉक्टर किती दिवस कागद दाबून ठेवू शकतो? तो म्हणाला, "नियमात तीन दिवस आहेत, पण ते मोजतो कोण, लोटनभाऊ? त्याचा पोरगा डॉक्टर होईस्तोवर बसला तरी चालतंय."

मग मी माझा कायदा काढला.

आमच्याकडं कुणी गेलं की बाया दारावर येतात. गल्लीच्या तोंडाशीच पदर तोंडावर ओढायचा आणि गेलेल्याचं नाव घेत, रडत घरापर्यंत यायचं. सुगंधाबाईसारखं रडणारं तालुक्यात कुणी नाही. तिला म्हटलं, दवाखान्याच्या दारावर जायचंय. ती बिचकली. जित्या माणसाच्या नावानं रडायचं नसतं.

"चिंधाच्या नावानं नाहीच. कागद मेलाय, त्याच्या नावानं रडा."

मेटॅडोर भरून बाया नेल्या. डॉक्टरच्या गल्लीत सुगंधाबाईनं सूर लावला, "अरे कागदभाऊ, आम्हले सोडीसन कोठे गया रे!" बाकीच्या मागून. बाकड्यावरचे पेशंट चपला हातात घेऊन पळाले. एक बाळंतीण तर डोक्याला फडकं बांधून रिक्षात बसली. मी समोरच्या हॉटेलात भजी खात होतो, हसून हसून ठसका लागला. भजी संपायच्या आत कागद मिळाले. चिंधाला गोष्ट सांगितली तेव्हा तो मान धरून हसला. दुखत होतं, तरी हसला.

मुंबईच्या डॉक्टरनं कागद वाचले, चष्मा काढला आणि विचारलं, हे एवढे दिवस कुठं होते? तपासात तेव्हाच वाईट निघालं होतं. आता औषधाला जागा राहिली नाही.

होळीच्या आधी चिंधा गेला.

बाया दारावर आल्या. सुगंधाबाईनं तोंड उघडलं, पण तिला आवाजच फुटेना. बहुतेक तिच्या जिभेवर तोच कागदभाऊचा सूर आला असेल. भिकुबाई ओट्यावर उभी राहिली.

"आठे नका रडा. धुयाले चाला."

तेराव्याच्या आत विधवेनं उंबरा ओलांडायचा नसतो, म्हाताऱ्यांनी बजावलं. ती ओलांडून धुळ्याला निघायला मेटॅडोरमध्ये बसली. मला म्हणाली, चला भाऊ. मी गाडी काढली.

दवाखान्यासमोर बाया उतरल्या, पदर ओढून गप उभ्या राहिल्या. पेशंट उठायला लागले. डॉक्टरनं खिडकीतून पाहिलं आणि आतूनच ओरडला, "अरे, यांचे जे काय कागद असतील ते आधी देऊन टाक!"

इतक्या लवकर तो कधीच बोलला नव्हता.

कंपाउंडर धावत बाहेर आला. या वेळी हसत नव्हता.

"पेशंटचं नाव काय, बाई?"

भिकुबाईनं पदर मागं सारला. जन्मात पहिल्यांदा तिनं ते नाव तोंडानं घेतलं, गल्लीला ऐकू जाईल असं.

"चिंधा."

आणि मग बायांनी रडायला सुरुवात केली.