कोंडीबाचं बेळकं आणि मी

“आऽ कर... हां. आता मीट. परत आऽ कर... मीट!”

आईनं लेकराला घास भरवावा, तसा तो आवाज होता. पण तो आईचा नव्हता. सोलापुरातल्या भवानी पेठेत मागाचे सुटे भाग दुरुस्त करणाऱ्या शिवशरण मिस्त्रींचा होता. साखळी ओढून ते माझा जबडा उघडमीट करून बघत होते. भट्टीची ऊब अजून माझ्या अंगात होती. डोळे नसताना मला जग दिसलं ते त्या आवाजातून.

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी पंजा आहे. नांगर तुम्ही पाहिला असेल, पाभर पाहिली असेल, मला मात्र बहुतेक पाहिलं नसेल. मला खाली चार वाकडे दात आणि वर तीन. छोट्या ट्रॅक्टरच्या मागं जे उचलायचे दोन लोखंडी हात असतात, त्यांना मला जोडायचं. हात वर गेले की साखळी ताणली जाई आणि माझा जबडा मिटे. हात खाली टेकले की साखळी ढिली पडे आणि तोंड उघडं. एवढंच माझं शरीर आणि एवढंच माझं काम. धरायचं, न्यायचं, सोडायचं.

त्र्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात रेल्वेच्या मालडब्यातून मी जेऊरला उतरलो. तिथून पुढं मला बैलगाडीनं नेलं. ट्रॅक्टरचा पंजा बैलगाडीत बसून आला म्हणून वाटेतली माणसं हसली. मी ज्यांच्याकडे आलो ते हिंदुराव. त्यांनी वडिलांच्या माघारी माळावरची बारा एकर जमीन साफ करायला घेतली होती. धोंडे आणि बाभळी, बाभळी आणि धोंडे. एक ठेंगणासा ट्रॅक्टर त्यांनी घेतला होता, आणि त्याच्या शेपटाला शोभेल असा मी.

पहिल्याच दिवशी माझी फजिती झाली. ट्रॅक्टर चालवायला अक्कलकोटकडचा धुळाप्पा होता. त्यानं मला एका भल्या थोरल्या धोंड्याला भिडवलं आणि हात वर उचलले. धोंडा जागचा हलला नाही. ट्रॅक्टरचीच पुढची चाकं हवेत गेली.

“अगं बया, ट्रॅक्टर दोन पायांवर हुबा ऱ्हायला की!” खुरपणाऱ्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या.

“साकु, साकु! बास झालं!” धुळाप्पा स्वतःलाच ओरडला आणि मला खाली टेकवलं.

मग त्यानं ट्रॅक्टरच्या नाकावर धोंड्यांनी भरलेली दोन पोती बांधली. तेव्हापासून आमचा जम बसला. ओझं जमिनीपासून वीतभर वर ठेवायचं, उतारावर बैलाच्या चालीनं जायचं, वळताना घाई करायची नाही. दहा माणसांचा काट्यांचा ढीग मी एका घासात उचलू लागलो. लांबलांबून लोक बघायला येत. “हत्तीगत उचलतंय की!” म्हणत. मला फार बरं वाटे.

पण एक माणूस मला कधीच काही म्हणत नसे. ते कोंडीबा. हिंदुरावांच्या वडिलांपासून ते या शेतावर होते. हिंदुराव त्यांना ‘नाना’ म्हणत आणि ते हिंदुरावांना ‘अण्णा’. काट्यांचं कुंपण घालावं तर कोंडीबांनीच, असं आसपासच्या वाड्यावस्त्यांवर बोललं जाई. त्यांच्या हातात एक बेळकं असे. बेळकं म्हणजे टोकाला दोन फाटे असलेली लांब काठी. बाभळीची काटेरी फांदी हातानं धरता येत नाही. ती त्या दोन फाट्यांत अडकवायची, अलगद उचलायची आणि बांधावर ठेवायची. बुडखा आत, शेंडा बाहेर. पहिल्या फांदीच्या कुशीत दुसरी, दुसरीच्या कुशीत तिसरी. कोंडीबांच्या कुंपणात शेळीला नाक घालायला जागा सापडत नसे.

काम आम्ही दोघं मिळूनच करत होतो. मी ढीग आणून टाकायचा, बेळक्यानं तो लावायचा. पण नाव कुणाचं व्हायचं? “कुंपण बघावं तर कोंडीबाचं!” भार मी वाहायचो आणि शाबासकी त्या काटकीला मिळायची.

मित्रांनो, खोटं कशाला बोलू? मी जळत होतो.

दुपारच्या भाकरीला सगळी लिंबाखाली बसली की मी उन्हात तापत उभा असे. बेळकं मात्र सावलीत, कोंडीबांच्या मांडीला टेकून. जेवण झालं की ते हाताला राहिलेलं तेल त्याच्या दांड्याला चोळत. वीस वर्षांच्या चोळण्यानं तो दांडा चिंचोक्यासारखा तुकतुकीत झाला होता. मला तेल मिळे ते धुळाप्पाच्या डब्यातलं, काळं, उरलेलं. त्यातही तो निम्मं सांडायचा.

त्याहून जास्त सलायची ती बजाबाईंची ओवी. बजाबाई कोंडीबांच्या बायको. खुरपताना त्या गात:

काट्याची ही कुपाटी, काटा लागंना बोटाला
दिष्ट लागू नये बाई, माज्या धन्याच्या बेळक्याला

माझ्या जबड्यात बाभूळ, दातांत धोंडे, आणि माझ्यावर एक ओळ नाही! मी मनात म्हणे, एकदा कोंडीबांनी माझ्याकडे बघून एक चांगला शब्द बोलावा. एकच. मग त्या बेळक्याला मिरवू दे हवं तेवढं.

तो शब्द काही येत नव्हता. एकदा धुळाप्पानं मुद्दाम खोडी काढली. “काय नाना, आमच्या हत्तीला कदी शाबास म्हननार हाय का न्हाय?”

कोंडीबा तंबाखू मळत म्हणाले, “हत्ती वजं उचलतंय. कुंपन घालतंय का?”

“शिकवा की मग त्याला!”

“तुलाच धा वरसं शिकीवलं तर तू शिकशील. त्याचं कुटं बोलतोस!”

सगळे हसले. मी आतून गंजलो.

तिसऱ्या वर्षी कोंडीबांचं काहीतरी बदललं होतं. ते दर चार फांद्यांमागं “जरा पानी पिऊन येतो” म्हणत. बेळकं उजव्या हातातून डाव्या हातात घेत, पुन्हा उजव्या हातात. कधी ते जमिनीत रोवून त्यावर रेलून उभे राहत. हे सगळं माझ्यासमोर घडत होतं. पण जळणाऱ्याच्या डोळ्यांत धूर असतो ना! मला वाटे, बघा, काम सोडून बेळक्याला कसं कुरवाळतायत.

त्या वैशाखात हिंदुरावांनी शेजारच्या गावच्या आबासाहेबांना बोलावलं. आबासाहेबांच्या मळ्याला शेळ्यांनी सळो की पळो करून सोडलं होतं. हिंदुराव त्यांना म्हणाले होते, “आमचे नाना कुंपण कसं घालतात ते एकदा डोळ्यांनी बघा, मग बोला.” आबासाहेब पाच-सहा माणसं घेऊन सकाळीच हजर झाले. बांधावर घोंगडं अंथरलं गेलं. चहा झाला.

कोंडीबा बांधाच्या पलीकडे, काट्यांच्या ढिगामागं गेले होते. परत आले ते धोतराला हात पुसत, रिकाम्या हातांनी.

“धुळाप्पा,” ते म्हणाले, “हाण ट्रॅक्टर. उचल त्यो ढीग.”

धुळाप्पानं मला मागं रेटलं. माझे चार दात ढिगाखाली शिरले. हात वर गेले, साखळी ताणली, जबडा मिटला. आणि ढिगाच्या पोटातून आवाज आला. कडाड! बाभळीची ओली फांदी अशी मोडत नाही. वाळलेलं, जुनं, तेल प्यालेलं लाकूडच असं मोडतं.

धुळाप्पानं मला खाली टेकवलं. काट्यांतून बेळक्याचे दोन तुकडे खाली पडले.

मित्रांनो, मला धरायला लावलं म्हणून मी धरलं. पंजाला स्वतःचं बळ नसतं. त्या मोडण्यात माझा दोष नव्हता. पण त्या क्षणी मला आनंद झाला. आपल्या दातांत आपला वैरी मोडला, असा लखलखीत आनंद. तो दोष मात्र माझाच. आजही पावसाळ्यात अंगाला गंज चढू लागला की मला तो क्षण आठवतो.

“आरं भाड्या, डोळे फुटले का तुजे!” हिंदुराव धुळाप्पावर धावले.

“मला काय ठावं त्यात बेळकं हाय! नानांनीच तर...”

“नानांच्या नावावर घालू नको!”

आबासाहेब हळूच म्हणाले, “जाऊ द्या हो. लोखंडाला काय कळतंय, कुटं सोडावं अन् कुटं धरावं.”

कोंडीबांनी दोन्ही तुकडे उचलले. लिंबाखाली जाऊन बसले. तुकडे मांडीवर ठेवले. ते बघून हिंदुरावांचा जीव कासावीस झाला. “सोडा तो पंजा ट्रॅक्टरचा,” ते म्हणाले. “नानांच्या डोळ्यांसमोर नको.”

मला गोठ्याच्या मागच्या भिंतीशी टाकलं. माझं कामाचं आयुष्य तीन वर्षांचं, आणि पडून राहण्याचंही तीन वर्षांचं झालं. पहिल्या पावसाळ्यात साखळी गंजून धरली. दुसऱ्या पावसाळ्यात जबडा उघडा तो उघडाच राहिला. एका तलंग, नुकत्याच अंड्यावर आलेल्या कोंबडीनं माझ्या दातांत पालापाचोळा ओढून अंडी घातली. तेवढीच काय ती ऊब.

हिंदुरावांनी नानांसाठी नवं बेळकं करून आणलं होतं. कोंडीबांनी त्याला हात लावला नाही. “त्यो हात त्याच बेळक्याचा हुता, अण्णा. आता न्हाई जमायचं.” मग त्यांना कुणी कुंपण घालायला सांगेना. बेळकं मोडलेल्या माणसाला कसं सांगायचं? ते वांग्या-मिरच्यांचे वाफे सांभाळू लागले. लोक मात्र अजून म्हणत, “कोंडीबासारखं कुंपन व्हनार न्हाई. त्या यंत्रानं घात केला.”

दर खंडेनवमीला गोठ्यासमोर हत्यारं मांडली जात. कुऱ्हाड, कोयते, खुरपी, नांगर, ट्रॅक्टरचं धुतलेलं तोंड. बजाबाई सगळ्यांना हळदकुंकू लावत पुढं जात. बेळक्याचे ते दोन तुकडेसुद्धा पाटावर असत. त्यांनाही कुंकू, त्यांनाही झेंडूचं फूल. मग त्या माझ्यापर्यंत येत, आणि माझ्यावरून पुढं जात. मोडून पडलं तरी तेच वरचढ! माझी जळजळ कमी झाली नव्हती मित्रांनो, वाढली होती. धड असून मी बिनकामाचा, आणि ते तुकडे झालेलं पूजेला.

म्हणून तुम्हांला एक मागणं आहे. हत्याराला तेल द्या, पावसात टाकू नका, त्याच्या ताकदीबाहेरचं ओझं त्याच्या गळ्यात बांधू नका. आणि काही मोडलं, तर कुणी मोडलं हे ठरवण्याआधी जरा थांबा. मी स्वतः कधी थांबलो नाही. मी बेळक्यावर जळलो, पण बेळकं धरणाऱ्या हाताकडे एकदाही नीट पाहिलं नाही.

एकोणऐंशी सालची खंडेनवमी. सकाळची वेळ. हत्यारं मांडून झाली होती. हिंदुराव माझ्यापाशी आले आणि पायानं माझ्या दातांतला पाला उकरत म्हणाले, “नाना, उद्या याला सोलापूरला धाडतो. वितळवून मळ्याला फाटक करून घेऊ. तीन वर्षं तुमच्या डोळ्यांत सलतोय, जाऊ दे एकदाचा.”

बजाबाई कुंकवाचा करंडा घेऊन उभ्या होत्या. वाफ्यातून आलेले कोंडीबा ओले पाय घेऊन तिथंच थांबले.

“नका धाडू, अण्णा.”

“का? तुमचं बेळकं मोडलं त्यानं.”

“त्यानं न्हाई.” कोंडीबांनी उजवा हात वर करायचा प्रयत्न केला. तो खांद्याच्या खालीच अडकला. “बेळकं म्या ठिवलं हुतं त्या ढिगात. माज्या हातानं. वर फांद्या टाकल्या आन् धुळाप्पाला हाळी दिली.”

धुळाप्पा पुढं सरकला. बजाबाई म्हणाल्या, “अवं, काय बोलताय ह्ये!”

“वरीसभर खांद्यात जोर नव्हता. तू तेल चोळायचीस, तुला सांगायचो, लचक भरलीया. लचक नव्हती ती, हातच गेला हुता. आबासाहेब बघाय आलं हुतं. त्यांच्याम्होरं फांदी हातातनं सुटली असती, तर सगळ्यांनी म्हनलं असतं, कोंडीबा सरला. यंत्रानं मोडलं म्हनलं की मानसाला कुनी काय म्हनत न्हाई.” ते खाली वाकले. त्यांचा गार, मातीनं भरलेला हात पहिल्यांदाच माझ्या दातांवर आला. “तवापास्नं बोलू म्हनतोय, पर तोंड उघडंना. अण्णा, ह्यानं लई वजं उचललं. माजं बी ह्यानंच उचललं.”