सासरे परीक्षेला बसले

गाडी चालवण्याचा परवाना देणाऱ्या कचेरीत तो परीक्षक होता आणि लोक त्याला पाठीमागे 'नापासराव' म्हणत. त्यांचंही काही चुकत नव्हतं. वशिला घेऊन आलेल्या माणसाला तो आधी चहा पाजायचा आणि मग नापास करायचा. रस्त्यावरच्या अनोळखी माणसाचा जीव आपल्या घरातला समजावा, असं त्याचं साधं म्हणणं. ते सगळ्यांना पटायचं, फक्त स्वतःची पाळी येईपर्यंत.

त्या दिवशी परवान्याची मुदत वाढवून घ्यायला सासरेच दारात उभे. उभा जन्म बस चालवण्यात गेलेला, आता पंचाहत्तरी ओलांडलेली. बाबांचा जीव त्यांच्या गाडीत आहे, तिथे तुझा शहाणपणा दाखवू नकोस, असं बायकोने सकाळीच बजावलं होतं. दुसऱ्या परीक्षकाकडे जा म्हणून त्याने सासऱ्यांना परोपरीने विनवलं. पण ते ऐकतील तर शपथ.

सासऱ्यांनी कचेरीची गाडी झोकात काढली. वळणं सुरेख घेतली. जावई हुश्श करतो न करतो तोच बाबागाडी ढकलत एक बाई रस्ता ओलांडू लागली, आणि सासरे आपले सरळ चाललेच. परीक्षकाच्या बाजूला जादा ब्रेक असतो, तो जावयाने कचकन दाबला. बाईने दोघांचा यथेच्छ उद्धार केला आणि ती निघून गेली.

गाडी कडेला लागली. जावयाला बायकोचा चेहरा डोळ्यांपुढे दिसत होता. तरी त्याने घसा खाकरला.

"बाबा, नापास."

सासऱ्यांनी किल्ली काढून त्याच्या हातात ठेवली. "सुटलो. अहो, हल्ली मला कडेचं दिसतच नाही. परवा एक सायकलवाला थोडक्यात वाचला. पण गाडी सोडतो म्हणायला जीभ रेटेना. दुसऱ्या कोणी पांढरे केस बघून पास केलं असतं, म्हणून मुद्दाम तुमच्याकडे आलो."

मग हळूच म्हणाले, "पोरीला यातलं काही सांगू नका. ती मला म्हातारा समजायला लागेल."

जावयाला गलबलून आलं. त्याने शब्द दिला.

घरी बायको कमरेवर हात ठेवून उभीच होती. माझ्या बापाला नापास करताना तुला काहीच कसं वाटलं नाही, असं तिने विचारलं.

"नियम म्हणजे नियम," तो म्हणाला, आणि पुढचा आठवडाभर आपल्या हाताने वाढून घेऊन जेवला.