यादीतली न लिहिलेली ओळ

पद्माकर निपाणीचा. घरात मराठी, बाजारात कानडी आणि ऑफिसात नियम, या तिन्ही भाषा तो सारख्याच सफाईने बोलायचा. कोरमंगलातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीचं नेटवर्क त्याच्या ताब्यात होतं. साल अठ्ठ्याण्णव. साठ माणसांना मिळून इंटरनेटची एकच लाइन, आणि ती इतकी बारीक की दोघांनी फोटो उघडले की तिसऱ्याचं काम ठप्प! म्हणून दामोदर साहेबांनी सांगितलं, फुकट मेलच्या साइट्स बंद करा. दुसरा कुणी असता तर दोन-चार दोस्तांसाठी फट ठेवली असती. पद्माकर कसला ठेवतोय! त्याने स्वतःचं मशीनसुद्धा बंद केलं, आणि त्याचा अभिमान महिनाभर पुरेल एवढा बाळगला.

तिसऱ्याच दिवशी सुचेता त्याच्या टेबलाशी आली. ती नागपूरची, प्रोग्रामर.

"दहा मिनिटं उघड ना रे. भावाचा मेल यायचा आहे."

"फॉर्म भर," पद्माकर म्हणाला.

तिने भरला. कारणाच्या रकान्यात 'वैयक्तिक' लिहिलं. पद्माकरने तिच्यासमोरच त्यावर 'नामंजूर' लिहून सही ठोकली. "एकाला सोडलं की साठांना सोडावं लागतं," तो म्हणाला. सुचेता आपल्या जागेवर परत गेली. बोलून उपयोग नाही हे तिला कळत होतं.

आता गंमत अशी, की या बंदीचा पहिला फटका बसला तो हेब्बाळला, खुद्द पद्माकरच्या घरात. त्याची बायको आसावरी कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवायची. तिचा जीव शेवाळात. लोक भिंतीवरचं शेवाळ खरवडून टाकतात, ही बाई भिंग घेऊन त्याच्यापुढे उकिडवी बसायची. स्कॉटलंडच्या एका वनस्पती उद्यानात सहा महिने राहून शेवाळावर काम करायची शिष्यवृत्ती होती. चार वर्षं धीर गोळा करून तिने अर्ज केला होता. उत्तर यायचं ते तिच्या फुकट मेलवरच. रोज जेवणाच्या सुट्टीत पद्माकर ऑफिसात तो उघडून बघायचा आणि काही असलं तर छापून आणायचा. बंदी आली आणि तेही थांबलं.

"मग मी ब्रिगेड रोडच्या सायबर कॅफेत जाऊन बघते," आसावरी म्हणाली होती.

"अजिबात नाही! गावभरचे लोक ती मशीन वापरतात. तिथे पासवर्ड टाकायचा नाही म्हणजे नाही. आणि महत्त्वाचं असेल तर फोन करतील की ते. अर्जावर आपला नंबर आहेच ना?"

तिने ऐकलं. शेवाळातलं तिला कळायचं आणि नेटवर्कमधलं त्याला, अशी त्या घरातली वाटणी होती. संध्याकाळी सात वाजले की पद्माकर टेलिफोनची तार काढून मोडेमला जोडायचा, घरूनच ऑफिसला लागायचा आणि दिवसभरात बंद दारावर कोण कोण धडका मारून गेलं त्याची नोंद वाचत बसायचा. दोन तास सहज जायचे.

बाराव्या दिवशी, रविवारी सकाळी, आसावरीने चहाचा कप त्याच्यापुढे जरा जोरातच ठेवला.

"मला आज बघायचंय. तुझा नियम राहू दे बाजूला. माझी चार वर्षं आहेत त्यात, कळतंय का तुला?"

कळत होतं. शिवाय रविवारी ऑफिसात कोण असणार? दहा मिनिटं फट ठेवू आणि पुन्हा बुजवू, असा विचार करून त्याने मोडेम जोडला.

इथे त्याने जी चूक केली, ती नेटवर्कवाल्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातून होणंच शक्य नाही. ऑफिसच्या वेशीवर राउटर नावाचं एक काळं खोकं होतं. कुणाला आत-बाहेर सोडायचं त्याची यादी त्यात असायची. ही यादी मधेच दुरुस्त करता येत नसे. सगळी पुसायची आणि पहिल्यापासून लिहायची. आणि यादीच्या तळाला कुणी न लिहिलेली एक ओळ कायम असे: बाकी कुणालाही सोडू नये. म्हणून हे काम नेहमी खोक्याला तार लावून, त्याच्या शेजारी बसून करायचं. पद्माकर इतरांना हेच शिकवायचा. त्या दिवशी त्याने घरून यादी पुसली, बायकोच्या मेलची पहिली ओळ लिहिली, बटण दाबलं आणि स्क्रीन जागच्या जागी थिजला. यादीत आता एकच नाव होतं, आणि पद्माकर स्वतः 'बाकी'मध्ये जमा झाला होता.

त्याने मोडेमची तार काढून टेलिफोनला लावली, तोच फोन वाजला. सुचेता होती.

"अरे, मी ऑफिसात आहे. काम अमेरिकेला पाठवत होते, अर्ध्यात नेट गेलं. उद्या पोचलं नाही तर माझी वाट लागेल! काय झालं?"

'लाइनचा घोळ असेल' हे शब्द अगदी ओठांवर आले होते. पद्माकरने ते गिळले.

"मी केलं. घरून फुकट मेल उघडायला गेलो. आसावरीसाठी."

तिचा फॉर्म दोघांनाही आठवत होता.

"बरं," सुचेता म्हणाली. "आता मी काय करू ते सांग."

"काळ्या खोक्याचं बटण बंद कर, दहा मोज, चालू कर. नवी यादी मी जतन केली नव्हती. जुनी परत येईल."

जुनी यादी परत आली. काम पुढे सरकलं. पद्माकर बायकोला स्कूटरवर घेऊन ऑफिसात पोचला, खोक्याशेजारी बसला आणि अख्खी यादी शहाण्यासारखी पुन्हा लिहिली. या वेळी फुकट मेल सगळ्यांना उघडा ठेवला. सुचेता आपल्या मशीनकडे वळली, आसावरी पद्माकरच्या खुर्चीत बसली.

तिच्यासाठी दोन मेल होते. पहिला मंगळवारचा. निवड झाली आहे, शुक्रवारपर्यंत होकार कळवा. आसावरी आनंदाने ओरडलीच. मग तिने दुसरा उघडला, शनिवारचा. गुरुवारी आणि शुक्रवारी तुमच्या नंबरवर अनेकदा फोन केला, तुमच्याकडच्या संध्याकाळी सात ते नऊच्या दरम्यान. प्रत्येक वेळी लाइन व्यस्त होती. नाइलाजाने जागा पुढच्या उमेदवाराला दिली आहे.

"गुरुवारी संध्याकाळी फोनवर कोण होतं?" तिने विचारलं.

"मी."

"शुक्रवारी?"

"मीच."

आसावरीला राग आला, रडू आलं, आणि सुचेता समोर असल्यामुळे तिला दोन्ही गिळावं लागलं. परतीच्या वाटेवर तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला नाही. स्कूटरची मागची कडी धरून बसली.

सोमवारी पद्माकरने स्वतःच्या नावाचा फॉर्म भरला, कारण 'वैयक्तिक', आणि सुचेताच्या फॉर्मसकट साहेबांपुढे ठेवला. साहेबांनी दोन मिनिटांत जेवणाच्या सुट्टीपुरती सगळ्यांना परवानगी देऊन टाकली. "आधीच विचारायचंस की," ते म्हणाले.

पुढच्या वर्षी आसावरीने पुन्हा अर्ज केला. पाकीट बंद करण्याआधी तिने तो टेबलावर ठेवला होता. पद्माकरची नजर गेली. मेलचा रकाना कोरा होता आणि फोनच्या रकान्यातला नंबर त्यांचा नव्हता. तो तळमजल्यावरच्या पवित्रा अक्कांचा होता.

"हा का दिलास?" त्याने विचारलं.

"अक्का फोन उचलतात," आसावरी म्हणाली, आणि तिने पाकिटाला डिंक लावला.