सवतीचा टाक

माझी मोठी बहीण सुभद्रा हिवरखेडला सासरी मेली. पाय घसरून विहिरीत पडली, असं तिच्या नवऱ्यानं, चंद्रभान भाऊजींनी सांगितलं. न्हाऊ घालताना मी तिची वेणी सोडली, तर मागची कवटी पिचलेली. मी ओरडले. बाबांनी माझं तोंड दाबलं.

वर्षाच्या आत भाऊजींनी दुसरी केली. रीतीप्रमाणे तिच्या गळ्यात मेलेल्या सवतीचा टाक घातला. सोन्याची, नखाएवढी उभी बाई. सुभद्रानं छळू नये म्हणून ती दुसरी दर सणाला त्या टाकाला आधी घास दाखवायची.

त्या दुसरीची नात आकांक्षा मूर्तिकार झाली. आजी गेल्यावर टाक तिला मिळाला. तो घेऊन ती नांदगाव खंडेश्वरला माझ्याकडे आली.

"माणिकआजी, हा तुमच्या बहिणीचा. मूर्तीत बसवू का?"

"बसव. पण विहीर नको करू, माये." आणि मी तिला ती पिचलेली कवटी सांगितली.

अमरावतीच्या प्रदर्शनात मी ती मूर्ती पाहिली. तुरीच्या वाळल्या तुराट्या बांधून शेणमातीनं लिंपलेली, चुलीपुढे ओणवी बाई. पाठीच्या, बरगड्यांच्या, हातांच्या तुराट्या मोडून बाहेर आलेल्या. कवटीच्या भेगेत टाक. तेवढाच चमकत होता.

नातीचं नाव पेपरात आलं म्हणून भाऊजीही आले होते. वयाची ऐंशी उलटलेली, नवा फेटा, हातात काठी. मूर्तीपुढे येऊन त्यांनी वाकून टाक पाहिला. मग काठी उचलली.

"काय वं पोट्टे, घरचं सोनं शेणात घातलं?"

पहिल्या तडाख्यात मूर्तीचा खांदा निखळला. आकांक्षा आडवी आली, तर दुसरा तिच्या मनगटावर बसला. तुराटी मोडावी तसा आवाज झाला. ती खाली बसली, तरी भाऊजी थांबेनात. मूर्तीच्या बरगड्यांवर काठी हाणत ओरडले,

"इतकं मारलं का मी तिले? खोटं दाखवून राहिली! एकच मारली होती! बैलबंडीची लाकडी उभारी, एकच!"



"मंग विहीर काहून सांगितली, भाऊजी?" मी विचारलं.

त्यांनी मला तेव्हा पाहिलं. मग मूर्तीच्या फुटल्या मातीत पडलेल्या टाकाकडे वाकले. मी आधी उचलला. त्यांनी माझ्या मुठीवर काठी घातली, पुन्हा घातली. बोटं फुटली, रक्त कोपरापर्यंत ओघळलं. लोकांनी त्यांना मागे ओढलं, तरी ते लाथा झाडत होते.

पोलीस आले. हवालदार म्हणाला, "आजी, मूठ उघडा."

"ह्यायनं काय सांगितलं, ते आधी लिवून घ्या," मी म्हटलं. "मूठ मंग."