कारभारीअण्णांची बोर

पंधरा-सोळा वर्षांपूर्वीच्या दुष्काळात पिंपळगाव बसवंतच्या पलीकडच्या एका वस्तीवरची विहीर आटली, तेव्हा कारभारीअण्णांच्या खोल बोरला पाणी लागलं. अण्णांनी रस्त्याकडेला नळ काढून दिला. "न्या हवं तेवढं," म्हणाले. पुढे चांगले पावसाळे आले, विहीर पुन्हा भरली, पण लोकांना नळाची सवय झाली होती. विहिरीवर झुडपं माजली. वस्ती अण्णांना देवमाणूस म्हणायची आणि अण्णांना ते आवडायचं.

वेदिका त्यांची सून होऊन आली ती देवळाली कॅम्पहून. लग्नाआधी ती दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती, त्यामुळे समोरच्याच्या दातांकडे तिचं लक्ष आधी जाई. शेजारच्या मैनाबाईंची राखी हसताना ओढणी तोंडावर धरायची. एकदा ओढणी घसरली आणि वेदिकाला तपकिरी पट्टे दिसले. मग तिने बाकीची पोरं न्याहाळली. बोरच्या पाण्यावर वाढलेल्या जवळजवळ सगळ्यांच्या दातांवर तेच डाग. थोरांचे दात मात्र साफ.

जेवताना तिने विषय काढला. "अण्णा, बोरचं पाणी तपासून घेऊ या का? मला फ्लोराइडची शंका येतेय."

"काचेसारखं पाणी हाय," अण्णा म्हणाले. "अन् तसं असंल तर उकळून पी."

"उकळून ते जात नाही. डोळ्यांना दिसत नाही, चवही लागत नाही. लहान मुलांच्या दातांवर उतरतं, पुढे सांधे आखडतात. तुमचीही मान हल्ली वळत नाही..."

"वयानं होतंय ते." अण्णा ताटावरून उठले.

तरी वेदिकाने नवऱ्याला, रविराजला, तयार केलं. दोघांनी बोरचं आणि जुन्या विहिरीचं पाणी नाशिकच्या प्रयोगशाळेत दिलं. बोरमध्ये फ्लोराइड मर्यादेच्या दुपटीहून जास्त निघालं. विहिरीतलं मर्यादेच्या आत होतं. फक्त ती उपसून, गाळ काढून पाणी निर्जंतुक करायला हवं होतं.

रविराजने हे सांगितलं तेव्हा अण्णा ओट्यावर बसून राहिले. चहा निवून गेला. मग काठी घेऊन उठले आणि वेदिकाला म्हणाले, "चल माझ्यासंगं."

मैनाबाई अंगणात कांदे निवडत होत्या. अण्णा उभ्याउभ्याच म्हणाले, "मैना, तुझ्या पोरीचे दात माझ्या पाण्यानं खराब झाले."

सगळं ऐकून मैनाबाईंनी आधी त्यांना खाटेवर बसवलं. "अण्णा, त्या साली तुमचा नळ नसता तर आम्ही बिऱ्हाड उचललं असतं. राखी तवा मांडीवर होती. तुमाला तरी काय ठावं?"

राखी दारात उभी होती. "वहिनी," तिने वेदिकाला विचारलं, "शाळेत सगळ्या म्हणायच्या, मी दात घासत नाय. घासून घासून हिरड्यांतून रक्त यायचं. म्हणजे माझं काय चुकलं नव्हतं?"

"काहीच नाही गं."

 राखी चहा ठेवायला आत गेली, आणि आतून तिच्या गुणगुणण्याचा आवाज आला.

पुढच्या आठवड्यात सगळी वस्ती विहिरीवर जमली. झुडपं तोडली, पाणी उपसलं, गाळ काढला. अण्णांना वाकता येत नव्हतं. ते काठावर बसून हुकूम सोडत होते आणि लोक हसत ऐकत होते. बोरच्या नळाला मात्र त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. स्वतः लाल रंग दिला आणि वर लिहिलं: 'हे पाणी पिऊ नका. धुण्याला वापरा.'

विहिरीचं पाणी निर्जंतुक करून पुन्हा तपासून घेतलं, मगच हंडे भरले. मान दाखवायला गेलेल्या अण्णांना डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, की सांध्यांचं झालेलं नुकसान सगळं भरून येणार नाही, पण आता वाढायचं थांबेल. अण्णांना तेवढं पुष्कळ वाटलं.

वेदिका राखीला आपल्या जुन्या दवाखान्यात घेऊन गेली. डाग बरेच फिके करता येतील, असं तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"करू सावकाश," राखी म्हणाली. "आधी बारावी होऊ दे."

परतीच्या बसमध्ये रविराजचा फोन आला. अण्णा रस्त्याने जाणाऱ्या एका टेम्पोवाल्याला नळापाशी अडवून फ्लोराइड समजावत होते, आणि तो बिचारा फक्त हात धुवायला थांबला होता. राखी इतक्या मोठ्याने हसली की पुढच्या बाकावरच्या बायकाही वळून हसू लागल्या.